जयवंतच्या नावाची पाटी

मुलुंड पूर्व
४ जून २०२४

चि. अपूर्वा हिस,
पप्पांचा प्रभूमध्ये सलाम.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि अर्धवट ऐकून मी वर रागावतो, म्हणून लिहायला बसलो. स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला कागद मशीनवर ठेवून तुझ्याकडे पाठवतो आणि तुझं आलं की छापून देतो. माणूस कच्छी आहे. त्याला मराठी वाचता येतं की नाही, हे मला अजून काढून घेता आलेलं नाही. तेव्हा घरातलं काही असेल तर जपून लिही.

जयवंत जाऊन आता अडीच महिने होतील. मलावीहून मिशनचं दुखवट्याचं पत्र आलं ते पाळकसाहेबांनी उपासनेत वाचून दाखवलं. सगळी मंडळी उभी राहिली. शरच्चंद्र उजागरे सर, आपल्या चर्चच्या पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी, खाली उतरून माझ्याजवळ आले आणि माझा हात हातात घेतला. ते कॉलेजात शिकवायचे, मी रंगाच्या कारखान्यात डबे भरायचो. इतकी वर्षं एका छपराखाली बसतोय, पण हात त्यांनी या वेळी पहिल्यांदा धरला. पोरगा गेल्यावर.

आता कमिटीनं ठरवलंय की सप्टेंबरातल्या मिशन रविवारी जयवंतच्या नावाची संगमरवरी पाटी चर्चच्या भिंतीवर लावायची, प्रवचनाच्या पुलपिटाच्या उजव्या हाताला. तिथून ती सगळ्यांना दिसेल. मजकूर सरांनीच केला: ‘मलावी देशात मिशनच्या सेवेत असताना प्रभूमध्ये निद्रिस्त झालेले विश्वासू सेवक.’

माझ्या डोक्यात आहे की तसाच एक दगड त्याच्या कबरीवरही बसवावा. म्हणून कबरीचा फोटो पाठव. लांबी-रुंदी कळव. मिशनच्या दफनभूमीला भिंत आहे का? फाटकाला कुलूप असतं का? बकऱ्या आत येतात का? माती खचली असेल तर भर घालून घे. नाव आपल्या अक्षरांत चालेल की इंग्रजीत लागेल, तेही विचार. मला झोप लागत नाही.

तुझ्या सासूचं मला समजत नाही. कबरीचा विषय काढला की उठून गॅसपाशी जाते.

तुझे पप्पा,
कुंडलिक साळवे


चिकोलेरा, मलावी
२१ जून

ती. पप्पा,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. इथे नेटवर्क नाही. आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी गेलं की मोबाइल जागा होतो, तेव्हा ही पानं पाठवते.

सध्या थंडी आहे. मक्याची कापणी होऊन गेली. शेजारच्या बायका मला एकटीला जेवू देत नाहीत. रोज कुणीतरी मक्याच्या पिठाचा गोळा आणि पाल्याची भाजी घेऊन येतं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहतं.

जयवंत चांगल्या जागी आहे, पप्पा. मोठी झाडं आहेत, सावली आहे. बकऱ्या येत नाहीत. दगड पाठवू नका. इथे दगड बसवत नाहीत. आणि जमलं तर चर्चमधली पाटीही थांबवा. जयवंतला पाट्या आवडत नव्हत्या.

आईंना सांभाळा. त्यांच्या साखरेच्या गोळ्या चुकवू नका.

अपूर्वा


मुलुंड पूर्व
९ जुलै

चि. अपूर्वा,

मी फोटो मागितला. तू मला मक्याचं पीठ सांगतेस.

‘पाट्या आवडत नव्हत्या’ म्हणजे काय? दहावीत असताना आपल्या दारावरची पाटी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती. रंग मी कारखान्यातून आणला होता. ‘साळवे’ मधला ‘ळ’ वाकडा झाला म्हणून पुसून पुन्हा काढला. ती पाटी आजही आहे. इमारत पाडून नवी होणार म्हणतात, तेव्हाही मी ती काढून घेऊन जाणार आहे. आणि तू मला सांगतेस त्याला पाट्या आवडत नव्हत्या.

आयटीआयमध्ये फिटर झालेला माझा मुलगा. इथे त्याला कंपनीत नोकरी होती. ती सोडून परक्या मुलखात हातपंप बसवायला गेला, कारण त्याला देवाचं बोलावणं आलं. मी त्याला अडवलं नाही. रडलो, पण अडवलं नाही. आता त्याच्या कबरीचा साधा एक फोटो मागितला तर मिळत नाही.

उजागरे सरांना मिशन रविवारच्या पुस्तिकेत कबरीचा फोटो छापायचा आहे. दर रविवारी विचारतात. मी नाही म्हटलं की मान हलवतात. परवा म्हणाले, “कुंडलिकराव, सूनबाई काहीतरी लपवतायत.” मी त्यांना म्हटलं, आमची सून तशी नाही. पण घरी येईपर्यंत मला वाटायला लागलं की आहे. कबर खचली असेल. किंवा तिथे कुणी बघतच नसेल. तुझ्या आईनं बोरीवलीहून फोन केला होता, ती रडत होती की पोरगी तिकीट काढायचं नावच घेत नाही. तुझं तिथे आता काय आहे? मिशनचे साहेब तुला राहू देतात, हे त्यांचे उपकार. पण किती दिवस राहायचं त्यांच्या जिवावर?

काय आहे ते सरळ लिही.

पप्पा


चिकोलेरा
३० जुलै

ती. पप्पा,

लपवत होते. सरळ लिहिते. बसून वाचा.

जयवंत मिशनमध्ये नव्हता. जाण्याच्या आधी वर्षभर नव्हता. आम्ही मिशनच्या घरात राहत नव्हतो, मी आताही राहत नाही. कुणाच्या जिवावर म्हणाल, तर या गावाच्या.

इथे मिशननं बसवलेल्या प्रत्येक हातपंपावर एक पत्र्याची पाटी असते. देणगीदाराचं नाव आणि खाली क्रूस. पंप नवा असला की पाहुणे येतात, फोटो निघतात, स्तोत्र म्हणतात. मग तो बिघडतो. या गावातला पंप बिघडून दोन उन्हाळे झाले होते. बायका नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. जयवंतनं उघडून पाहिलं तर आतला चामड्याचा वॉशर फाटलेला, एवढंच. तो एस्नाटला म्हणाला (ती आमची शेजारीण, आता माझी घरमालकीणही), “अगं, हे तुम्हाला बदलता आलं असतं.” ती म्हणाली, “असं कसं? नाव त्यांचं, पंप त्यांचा. मालक येईल तेव्हा बघेल. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा का?”

जयवंत त्या दिवशी जेवला नाही. मिशनमध्ये जाऊन म्हणाला, नवे पंप पुरे, जुने दुरुस्त करू. मोठे साहेब म्हणाले, “भाऊ, नव्या पंपाला देणगी मिळते. वॉशरला कोण देणार?” मग जयवंत परत आला आणि त्यानं पंपावरची पाटी काढली. बोल्ट गंजले होते. संध्याकाळ गेली त्यात. पाटी एस्नाटच्या हातात दिली आणि विचारलं, “आता कुणाचा पंप?” ती खूप हसली. पाटी घरी नेऊन तिनं भांड्यावर झाकण म्हणून ठेवली. दुसऱ्या दिवशी पाना मागायला आली.

मग आजूबाजूच्या गावांतल्या बायका यायला लागल्या. तो पाटी काढायचा, त्या काम शिकायच्या. साहेबांनी सांगितलं, पाट्या परत लाव आणि देणगीदारांची माफी माग. जयवंत म्हणाला, “पाण्याला आलेल्या बाईची मागतो. पाटीची कशी मागू?” त्यांनी घर सोडायला सांगितलं.

ताप आला तेव्हा मिशनचीच जीप आली, मिशनच्याच दवाखान्यात नेलं. त्यांनी उपचारात कसूर केली असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या भिंतीच्या आत सेवेत असलेल्यांनाच पुरतात. तो नियम आहे. पाळक चांगले होते, ते आले, प्रार्थना केली, डोळे पुसले. फाटक उघडणं त्यांच्या हातात नव्हतं.

गावानं त्याला आपल्या रानात पुरलं. इथे गावाच्या कबरी एका राखलेल्या रानात असतात. तिथली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही, म्हणून बकऱ्या येत नाहीत. कबर खणणारी माणसं ठरलेली असतात. ती सांगतील तसं सगळ्यांनी वागायचं, मुखियानंसुद्धा. मातीवर माणसाची वापरातली वस्तू ठेवतात. जयवंतचा स्टीलचा मग ठेवलाय, आईंनी मुलुंडहून दिलेला, तळाला भोक पाडून.

हे सगळं आईंना माहीत आहे. जयवंतनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. पप्पांना सांगू नका, हेही त्यानंच सांगितलं.

अपूर्वा


मुलुंड पूर्व
२० ऑगस्ट

अपूर्वा,

पत्र हातात आलं त्याला बरेच दिवस झाले. लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक. तिथल्या शेजारणींना ठाऊक, इथे माझ्या स्वयंपाकघरात ठाऊक. मी एकटा चर्चमध्ये कडक इस्त्रीचा शर्ट घालून लोकांचे सलाम घेत बसलेलो.

मी तुझ्या सासूला, सुंदराला, विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “सांगून काय केलं असतंत? साहेबाला माफीचं पत्र लिहिलं असतं, त्याच्या नावानं. खोटं बोलतेय का मी?”

खोटं नव्हतं. लिहिलंच असतं.

“घाबरट माणसाच्या पोटी असं पोरगं आलं,” ती म्हणाली, “त्यानं तरी तुम्हाला किती सांभाळायचं?”

पन्नास वर्षांच्या संसारात ती मला असं कधी बोलली नव्हती.

आता माझं ऐक. माझे वडील नगरकडचे. गावकुसाबाहेरचे. हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप बाहेर खुंटीला टांगलेला असायचा. स्वतः धुवायचा, स्वतः टांगायचा. बाप्तिस्मा घेतल्यावरही गावानं कप बदलला नाही. पण मिशनच्या आवारात त्यांना पुरलं, भिंतीच्या आत, कलेक्टरच्या बायकोच्या रांगेत. ते मला लहानपणी नेऊन ती जागा दाखवायचे, अजून जिवंत असताना, आणि म्हणायचे, “कुंडलिक, इथून मला कुणी उठवणार नाही.” त्या माणसाचा नातू पुन्हा कुंपणाबाहेर. आणि वर भोक पाडलेला मग! तुला त्याचं काहीच वाटलं नाही? मी तर ते वाचून जेवणावरून उठलो. इतक्या लांब जाऊन, इतकं करून, शेवटी आमच्या नशिबी फुटकंच भांडं.

उजागरे सरांकडे गेलो होतो. म्हटलं, “सर, पाटीवरचं ‘मिशनच्या सेवेत असताना’ एवढं काढा. तो नव्हता सेवेत. त्यांनी काढलं होतं त्याला.”

सर पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, “कुंडलिकराव, दगडात कोरलंय. पेन्सिलीनं नाही लिहिलेलं, खोडायला.”

“पण खोटं आहे ना.”

“सेवा केली की नाही त्यानं? मग झालं. देव काय तारखा बघत बसतो? आणि आपल्या तरुण पोरांसमोर काहीतरी आदर्श नको? आता बाहेर बोलू नका. तुम्हालाच शोभणार नाही.”

चहा दिला. मी प्यालो आणि आलो.

जयवंतवर मी रागावलोय. तुझ्यावरही. मला काय म्हणून दूर ठेवलंत?

कुंडलिक


चिकोलेरा
५ सप्टेंबर

ती. पप्पा,

तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. जयवंत दर महिन्याला तुम्हाला फोन करायला म्हणून तालुक्याला चालत जायचा. आज सांगतोच, म्हणून जायचा. फोन लागला की तुमचा पहिला प्रश्न असायचा, “साहेब खूश आहेत ना तुझ्यावर?” तो “हो पप्पा” म्हणायचा. परत आला की पंपाचे सुटे भाग पुसत बसायचा. दूर तुम्हाला आम्ही नाही ठेवलं.

त्या स्टीलच्या मगाचं तुम्ही चुकीचं समजलात. माझी चूक आहे, मी नीट लिहिलं नव्हतं. तुमच्या वडिलांचा कप मला आठवला नाही. आठवायला हवा होता.

इथे भोक सगळ्यांच्याच भांड्याला पाडतात. मुखियाच्या आईच्या हंड्यालाही आहे, तिची कबर जयवंतच्या शेजारीच आहे. एकदा भोक पडलं की ते भांडं दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही, ते त्या माणसाचंच होतं. खणणारे मला विचारायला आले होते, तुमच्यात काय ठेवतात? मी म्हटलं, आमच्यात नावाचा दगड. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, “नाव आम्हाला पाठ आहे. त्याची वस्तू दे.” परक्या माणसाला त्या रानात जागा देत नाहीत, पप्पा. गावात त्यावरून दोन दिवस बोलणी चालली. बायका हटून बसल्या, तेव्हा मिळाली. मिशनच्या भिंतीआत त्याला जागा नव्हती. इथल्या रानाला भिंतच नाही, तरी आत जाणं सोपं नाही, आणि त्यांनी त्याला आत घेतलं.

पण मी तुम्हाला गोड सांगून समजूत घालणार नाही. तो मेला. एका वॉशरवरून मिशनशी भांडून मेला. मलाही राग येतो, रोज येतो, साहेबांचा, त्याचा, तुमचा. मी परत येणार का, ते विचारू नका. सध्या एस्नाटबरोबर पंप बघत फिरते. ती बोल्ट सैल करते, मी कंदील धरावा तसा नुसता पाना धरून उभी असते.

पाटीचं तुमचं तुम्ही बघा.

अपूर्वा


मुलुंड पूर्व
३ ऑक्टोबर

चि. अपूर्वा,
सलाम.

मिशन रविवार झाला. आम्हाला पहिल्या बाकावर बसवलं. सुंदराच्या गळ्यात हार घातला, तिनं तो लगेच काढून बाकावर ठेवला. सरांनी भाषण केलं. जयवंत नव्या पंपाशेजारी उभा आहे तो फोटो पडद्यावर दाखवला. पंपावरची पाटी चमकत होती. मग संगमरवरी पाटीवरचा पडदा ओढला आणि मिशनच्या कामासाठी दानाच्या थैल्या फिरवल्या. एक बाई रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाग्यवान बाप.” मी हात जोडले.

मी बोललो नाही. उठायचं ठरवून गेलो होतो. सुंदरा मधूनमधून माझ्याकडे बघत होती. मी स्तोत्रसंहितेत तोंड घालून बसलो. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “हो पप्पा.” तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर पाटीसमोर उभा राहिलो. त्याच्या नावावर बोट फिरवत होतो, तर कमिटीतला एकजण म्हणाला, “काका, हात नका लावू, संगमरवराला डाग पडतात.” अपूर्वा, माझा मुलगा. त्याचं नाव मी ठेवलं. आणि हात लावायला मला कमिटीची परवानगी लागते. एस्नाटबाई पंपाला हात का लावत नव्हती, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मंगळवारी दुपारी जयवंतचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चर्चला गेलो. त्याची हत्यारं अजून माळ्यावर आहेत. सुंदरानंच स्टूल धरून डबा खाली घेऊ दिला. कशाला हवा, ते विचारलं नाही. चर्चचा रखवालदार भाऊ बाहेर झाडत होता. त्याला म्हटलं, प्रार्थनेला आलोय. तेवढं खोटं बोललो.

पाटी चार स्क्रूंवर आहे, वर पितळी टोप्या. टोप्या हातानं निघाल्या. मी जन्मभर डबे भरले, हत्याराची मला सवय नाही. पहिल्या तिघांनी माझा घाम काढला, पण निघाले. चौथा, वरचा डावा, काही केल्या हलेना. खाच झिजली. आणि पाटी एका स्क्रूवर वाकडी होऊन लटकली. ती पडेल आणि फुटेल म्हणून मी खांदा लावून उभा राहिलो. सोडताही येईना, काढताही येईना. दगड गालाला थंड लागत होता. किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही. शेवटी भाऊ आत आला.

“साळवेकाका! हे काय करताय?”

म्हटलं, “माझ्या मुलाची आहे. घरी नेतोय.”

“चोरी म्हणतील ओ.”

“म्हणू दे.”

त्यानं खालून बाक सरकवून पाटी टेकवली आणि मग फोन केला. सर रिक्षानं आले. भाऊसमोरच मला विचारलं, “कुंडलिकराव, डोकं ठिकाणावर आहे का?” निघालेले तिन्ही स्क्रू मी खिशात टाकले. मग म्हटलं, “सर, तो सेवेत नव्हता. हे मी येत्या रविवारी उभं राहून सांगणार आहे. तुम्ही माइक बंद केलात तर ओरडून सांगेन. मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे.”

कमिटीनं मला पत्र दिलंय, खुलासा करा म्हणून. तोवर माझा सभासद-हक्क थांबवलाय. म्हणजे मी मेलो तर मलाही त्यांच्या भिंतीच्या आत जागा मिळेल की नाही, कोण जाणे. रात्री तो विचार येतो आणि मी उठून बसतो. सुंदरा म्हणते, “झोपा आता. तुमच्यासाठी मी एक मग बाजूला काढून ठेवते.” थट्टा करते की खरं बोलते, मला कळलं नाही.

पाटी अजून तशीच आहे, एका स्क्रूवर, खाली बाक. कमिटीला ती सरळही करता येत नाही, कारण तीन स्क्रू माझ्या खिशात आहेत. रविवारी सगळी मंडळी असेल, तेव्हा त्यांच्यादेखत मला ती काढायची आहे. भाऊ म्हणाला, तो फाटक उघडं ठेवेल.

माझं एवढं काम कर. एस्नाटबाईला विचार, खाच झिजलेला स्क्रू जयवंत कसा काढायचा. तेल सोडायचा, ठोकायचा, की तापवायचा? ती जे सांगेल ते जसंच्या तसं लिही. हे वाचल्यावर पुढच्या बाजाराची वाट पाहू नकोस, लवकर पाठव. झेरॉक्सवाल्याला मी सांगून ठेवलंय.

तुझे पप्पा